ओळख विसरलेलें दार

मनुष्याच्या वांट्याला अपमानाचे प्रसंग नाना प्रकारचे येतात, आणि त्यांतील बहुतेक तो कालांतरानें विसरूनही जातो. परंतु ज्या दारांतून आपण तीस तीस वर्षें आंतबाहेर केलें, त्याच दारानें एके दिवशीं 'आपण कोण?' म्हणून विचारावें, आणि आपण आपलें नांव सांगितलें असतां 'या नांवाचें येथें कोणी नाहीं' असें उत्तर द्यावें, हा अपमान मात्र सहजासहजीं विसरला जात नाहीं. असा एक अपमान आमच्या हातून एका वडीलधाऱ्या बाईंचा घडला. दार लांकडाचें नव्हतें, संगणकाचें होतें, एवढाच फरक. आणि त्या दारावरचा रखवालदार दुसरातिसरा कोणी नसून आम्हीच होतों. ही हकीकत सांगण्यांत आमची शोभा होण्यासारखी नाहीं. तरी ती सांगावी असें आम्हांला वाटतें. कारण दार कोणतेंही असो, त्याच्या आंतल्या बाजूस बसणाऱ्या माणसाला तींत एक धडा आहे.

आमचा व्यवसाय संगणकांच्या जाळ्याची देखरेख ठेवण्याचा. आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. पण हा व्यवसाय म्हणजे नक्की काय, हें त्यांपैकीं एकालाही आम्हांला आजवर समजावून देतां आलेलें नाहीं. 'अरे, टीव्ही लागत नाहीं, जरा पाहतोस का?' येथवरच आमच्या विद्येची घरांतील प्रतिष्ठा. तथापि या हकीकतीपुरतें थोडें समजावून सांगणें भाग आहे, आणि सुदैवानें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तें समजण्यास मुळींच अवघड नाहीं.

ज्या कचेरींत चारच संगणक असतात, तेथें प्रत्येक संगणक आपल्यापुरता वेगळा संसार करतो. कोणाला आंत घ्यावयाचें याची यादी ज्याची त्याच्याजवळ असते. संगणक शंभर-दोनशें झाले म्हणजे मात्र हें चालत नाहीं. मग एकत्र कुटुंबाची व्यवस्था करावी लागते. तिला आमच्या भाषेंत डोमेन म्हणतात. डोमेनमध्यें एक कर्ता संगणक असतो, आणि तो आजारी पडल्यास अडूं नये म्हणून बहुधा त्याला एक जोडीदारही असतो. घरांतील सर्व माणसांची, आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे घरांतील सर्व संगणकांचीही, नोंदवही या कर्त्याजवळ असते. सकाळीं आपण आपलें नांव आणि पासवर्ड टाकतों तेव्हां समोरचा संगणक स्वतः कांहीं ठरवीत नाहीं. तो कर्त्याला विचारतो. कर्त्याची खात्री पटली म्हणजे तो एक चिठ्ठी देतो, आणि तिच्या बळावर पुढें ज्या ज्या सर्व्हरकडे जावयाचें असेल त्याच्या त्याच्या नांवाची वेगळी चिठ्ठी मिळते. पूर्वीं वाण्याच्या दुकानीं घरांतलें पोर पाठविलें तर वाणी पोराला ओळखीत नसे, पण चिठ्ठीवरचें वडिलांचें अक्षर ओळखीत असे. तशांतलाच हा प्रकार.

या चिठ्ठीच्या पद्धतीची मूळ कल्पना रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या दोघां विद्वानांनीं १९७८ सालीं एका निबंधांत मांडली. पुढें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें १९८३ सालीं 'अथीना' नांवाचा प्रकल्प निघाला. त्यांत ती प्रत्यक्षांत उतरली आणि तिला 'कर्बेरॉस' हें नांव मिळालें. विंडोजच्या डोमेनमध्यें ती २००० सालापासून आली. ग्रीक पुराणांत कर्बेरॉस हा पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा आहे. आमच्या काकांना हें सांगितलें तेव्हां ते पोथींतून मान वर न करतां म्हणाले, 'त्यांत नवें तें काय? ऋग्वेदांत यमाच्या वाटेवर चार चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेतच कीं.' तात्पर्य, दारावर कुत्रा ठेवण्याची बुद्धि सर्व देशांतील माणसांना सारखीच सुचते. त्या कुत्र्यानें घरच्याच माणसावर भुंकूं नये याची तजवीज करण्याचें काम आमच्यासारख्यांकडे येतें.

२०१९ सालच्या सप्टेंबरांत आम्ही जिचें काम पाहत होतों ती लहानशी संस्था एका मोठ्या संस्थेंत विलीन व्हावयाची होती. १ ऑक्टोबरपासून दोघींचा कारभार एक. तेव्हां आमच्या लहान डोमेनमधील दोनशेंवर माणसें आणि त्यांचे संगणक यांना मोठ्या डोमेनमध्यें नेऊन बसविण्याचें काम आमच्याकडे आलें. याला डोमेनचें स्थलांतर म्हणतात. मुहूर्त ठरला तो शुक्रवार ता. २७ च्या संध्याकाळपासून रविवार ता. २९ च्या रात्रीपर्यंतचा. काकांनीं पंचांग पाहून सांगितलें कीं शनिवारीं सर्वपित्री अमावास्या आहे. पितृपक्षांत बिऱ्हाड बदलूं नये. आम्ही हंसलों. काकांचें कारण आम्हांला पटलें नाहीं. पण बिऱ्हाड त्या दिवशीं बदलूं नये हें त्यांचें म्हणणें मात्र अक्षरशः खरें ठरलें. कारण सोमवार ता. ३० हा महिन्याचा शेवटचा दिवस, सहामाही हिशेबाचा शेवटचा दिवस, आणि जुन्या संस्थेच्या नांवानें पगार लावण्याचाही शेवटचाच दिवस होता. ज्या दिवशीं प्रत्येकाला दार उघडें हवें असतें, त्याच्या आदल्या रात्रीं घरचीं कुलुपें बदलणें हा शहाणपणा नव्हे.

रविवारीं घरीं घटस्थापना झाली. आम्ही कचेरींत होतों. काम झपाट्यानें चाललें होतें. माणसांचीं खातीं नव्या वहींत गेलीं, मागोमाग संगणक गेले, सर्व्हर गेले. रात्रीं साडेअकराच्या सुमारास अहवाल काढला. दोनशेंवर ओळी हिरव्या होत्या आणि एक ओळ लाल होती. एवढ्या मोठ्या वऱ्हाडांत एखादें माणूस मागें राहावयाचेंच, उद्यां पाहूं, असें म्हणून आम्हीं ती लाल ओळ वाचलीसुद्धां नाहीं. इतकेंच नव्हे, तर नवें घर लागलें, आतां जुन्याची गरज काय, अशा उत्साहांत जुन्या डोमेनच्या कर्त्याला आम्हीं त्याच रात्रीं बंद करून टाकलें. घरीं आलों तों देवघरांत अखंड दीप तेवत होता आणि काकूंनीं नैवेद्याचें पान झांकून ठेवलें होतें. आम्ही विजयी मुद्रेनें जेवलों आणि निजलों.

सोमवारीं दहा वाजून दहा मिनिटांनीं पहिला फोन आला. 'लॉगिन होत नाहीं.' पांच मिनिटांनीं दुसरा आला, नंतर तिसरा. आणि तक्रारीचे शब्द सर्वांचे तेच. वैद्याकडे जाऊन 'बरें वाटत नाहीं' म्हणून सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. दुखणें डोक्याचें कीं पोटाचें हें त्यावरून कळत नाहीं, आणि शहाणा वैद्य एकाच मात्रेची पुडी सर्वांना वांटीत सुटत नाहीं.

पहिली तक्रार प्रवेशविभागाच्या खोलींतील सहा संगणकांची होती. 'डोमेन सांपडत नाहीं' असा संदेश प्रत्येकावर दिसत होता. संगणक एकमेकांना नांवानें हांक मारतात खरे, पण गांठतात क्रमांकानें. आणि नांवावरून क्रमांक सांगणारी जी वही, तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं ती रचली. 'आमच्या डोमेनचा कर्ता कोठें बसतो?' हा प्रश्नही संगणक त्या वहीलाच विचारतो. इतर सर्व संगणकांना नव्या वहीचा पत्ता आपोआप मिळाला होता; या सहांत मात्र कोणीं तरी पूर्वीं केव्हां तरी जुन्या वहीचा पत्ता हातानें लिहून ठेवला होता. ती जुनी वही जुन्या कर्त्याजवळच होती. शनिवार-रविवार तो जागा होता म्हणून ही चूक दडून राहिली; त्याला निजवितांच ती उघडी पडली. विचारणारा विचारीत होता आणि उत्तर देणारा कोणी नव्हता. पत्ते बदलले आणि वीस मिनिटांत खोली कामाला लागली.

दुसरी तक्रार ग्रंथालयाच्या सर्व्हरची. तो लिनक्स प्रणालीवर चालणारा. त्याच्यावर कोणालाच लॉगिन करतां येईना. नांव बरोबर, पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर. शेवटीं त्याच्या घड्याळाकडे लक्ष गेलें. तें सात मिनिटें मागें होतें. कर्बेरॉसच्या चिठ्ठ्यांच्या देवघेवींत वेळेची नोंद असते, आणि दोन्हींकडच्या घड्याळांत सामान्यतः पांच मिनिटांहून अधिक अंतर पडलें तर तो कुत्रा कोणाचेंही ऐकत नाहीं. कारण असें कीं, कोणाची चिठ्ठी वाटेंत चोरून चोरानें ती मागाहून दाखविली तर ती शिळी म्हणून ओळखतां यावी. नियम चांगलाच आहे. पण घड्याळ बिघडलें म्हणजे सज्जनाचीही ताजी चिठ्ठी शिळी ठरते. आम्हीं तें घड्याळ नव्या कर्त्याच्या घड्याळाशीं जुळवून दिलें आणि तीही अडचण दूर झाली. दोन विजय झाले. आमची मान थोडी ताठ झाली. आणि अशा ताठ मानेनें आम्ही तिसऱ्या तक्रारीकडे वळलों.

ती हिशेबविभागांतून आली होती. तेथील मुख्य बाई संस्थेंत ३१ वर्षें काम करीत होत्या. कचेरींत पहिला संगणक आला तेव्हां तो शिकून घेणाऱ्या त्या पहिल्या, असें जुनीं माणसें सांगत. दर महिन्याचे पगार त्यांच्याच हातून लागत. त्या फोनवर म्हणाल्या, 'साहेब, माझा संगणक मला आंत घेतो, पण पगाराचा सर्व्हर घेत नाहीं. नांव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असें म्हणतो.'

आम्हीं तर्क चालविला. संगणक आंत घेतो, म्हणजे खातें ठीक आहे. खातें ठीक असून सर्व्हर नको म्हणतो, म्हणजे दुसऱ्या वेळीं पासवर्ड टाकतांना यांचीच चूक होत असली पाहिजे. आम्हीं सांगितलें, 'सावकाश टाका. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली नाहीं ना, तें पाहा.' दुपारीं पुन्हां फोन आला. पुन्हां तेंच सांगितलें. चार वाजतां तिसरा आला, तेव्हां आम्ही स्वतः त्यांच्या टेबलाशीं गेलों. त्यांनीं आमच्यासमोर एक एक अक्षर जपून टाकलें. सर्व्हरनें नकार दिला. दिवसभराच्या धांवपळीनें आमचें डोकें तापलें होतें. आजूबाजूला त्यांच्या हाताखालचीं चार तरुण माणसें बसलीं होतीं. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालों, 'बाई, वयोमानानें विसर पडतो. पासवर्ड कोठें तरी लिहून ठेवीत चला.'

बाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं चष्मा काढून घरांत ठेवला, टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले, आणि साडेपांच वाजतां त्या रोजच्याप्रमाणें निघून गेल्या. पगार लागले नाहींत.

सात वाजतां कचेरी रिकामी झाली, आणि जें आम्हीं सकाळीं दहा वाजून अकरा मिनिटांनीं करावयास हवें होतें तें आम्हीं तेव्हां केलें. पगाराच्या सर्व्हरचें रोजनामें उघडलें. कोण कोण दाराशीं आला, कोणाला आंत घेतलें, कोणाला परतविलें आणि कां, याची नोंद प्रत्येक सर्व्हर ठेवीत असतो. विंडोजमध्यें परतविलेल्याच्या नोंदीचा क्रमांक ४६२५ असतो. पडद्यावर 'नांव किंवा पासवर्ड चुकीचा' असें मुद्दाम मोघम लिहिलेलें असतें. दोहोंपैकीं काय चुकलें हें चोराला कळूं नये, हा त्यांतील हेतु. रोजनाम्यांत मात्र खरें कारण असतें. बाईंच्या नांवापुढें एकामागून एक नोंदी होत्या, आणि त्यांतील एकींतही 'पासवर्ड चुकला' असें नव्हतें. प्रत्येकींत कारण एकच होतें: असें कोणी नाहीं. आणि नांवाच्या अलीकडे डोमेनचें जें नांव होतें तें जुन्या डोमेनचें होतें.

'नांव किंवा पासवर्ड' यांतला 'किंवा' आम्हीं वाचलाच नव्हता.

बाईंच्या संगणकाशीं गेलों. तो अजून जुन्याच घरांत होता. अहवालांतली ती एक लाल ओळ त्याचीच. मग त्यानें बाईंना सकाळीं आंत कसें घेतलें? त्याचें उत्तर असें कीं, कर्ता भेटला नाहीं तर माणूस अगदींच खोळंबूं नये म्हणून विंडोजचा संगणक पूर्वीं येऊन गेलेल्यांच्या खुणा आपल्यापाशीं जपून ठेवतो. बहुधा शेवटच्या दहांच्या. कर्ता निजलेला पाहून त्यानें बाईंना आठवणीवरून आंत घेतलें. घरच्या म्हाताऱ्या गड्यानें मालकिणीला ओळखावें तसें. सर्व्हर मात्र नव्या घरीं गेला होता. त्याला ही आठवण नव्हती. बाईंचा संगणक जुन्या घराचें नांव सांगून त्यांना पुढें करीत होता, आणि नव्या घराच्या वहींत तें नांव नव्हतें. पासवर्ड पाहण्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

हा एकच संगणक मागें कां राहिला? शनिवार-रविवार तो बंद होता. कां बंद होता? बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटविलेला होता: 'घरीं जातांना प्रत्येकानें आपला संगणक बंद करावा.' खालीं सही आमची होती. स्थलांतरासाठीं या वेळीं संगणक चालू ठेवावेत, ही सूचना आम्हीं ईमेलनें पाठविली होती. पण पाठविली शुक्रवारीं सहा वाजून वीस मिनिटांनीं, आणि बाई साडेपांचला जातात. इतरांनीं आमचा तो नियम कधींच पाळला नव्हता, म्हणून ते सुखरूप नव्या घरीं पोंचले. जिनें पाळला ती एकटी बाहेर राहिली.

त्या रात्रीं आम्हीं जुन्या कर्त्याला पुन्हां जागें केलें आणि बाईंचा संगणक नव्या डोमेनमध्यें आणला. पुढची परीक्षा बाईंच्या हातूनच व्हावयाची होती. दुसऱ्याचा पासवर्ड आपण टाकावयाचा नसतो. साडेदहाला घरीं आलों.

घरीं सर्वांचीं जेवणें आटोपलीं होतीं. काकू पान वाढून समोर बसल्या. आम्हीं जेवतां जेवतां सर्व हकीकत सांगितली आणि, खरें सांगावयाचें तर, गंमत म्हणून सांगितली. नियम पाळणारी एकटी कशी अडकली, भिंतीवर सही कोणाची निघाली, वगैरे. काकूंनीं एकच प्रश्न विचारला.

'त्या बाईंना तूं काय म्हणालास?'

आम्हीं तें शब्दशः सांगितलें. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीं जी गोष्ट सांगितली, ती इतकीं वर्षें एका घरांत राहून आम्हीं कधीं ऐकलेली नव्हती.

काकू १९७४ सालीं लग्न होऊन आमच्या घरांत आल्या. त्या वेळच्या रीतीप्रमाणें काकांनीं ताटांतल्या तांदुळांत अंगठीनें त्यांचें नवें नांव लिहिलें, आणि माहेरचें नांव व आडनांव दोन्ही एका दिवसांत मागें पडलीं. त्यांचें अकरावी पास झाल्याचें प्रमाणपत्र अर्थातच माहेरच्या नांवाचें होतें. पांच-सहा वर्षांनीं त्यांच्या मनांत पुढें शिकावयाचें आलें. धाकट्याला कडेवर घेऊन त्या एका कचेरीच्या खिडकीशीं रांगेंत उभ्या राहिल्या. खिडकींतल्या गृहस्थानें अर्ज पाहिला, प्रमाणपत्र पाहिलें, आणि रांगेंतल्या सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत विचारलें, 'दुसरीचें प्रमाणपत्र घेऊन आलांत का?' काकू परत आल्या. लग्नाचा दाखला जोडून, नांवाच्या बदलाची जाहिरात सरकारी राजपत्रांत देऊन तें काम होण्यासारखें होतें, हें त्यांना मागाहून कळलें. पण त्या खिडकीशीं त्या पुन्हां गेल्या नाहींत, आणि शिक्षणाची गोष्ट तेथेंच संपली.

'नियमानें त्याचें बरोबर होतें रे,' काकू म्हणाल्या, 'कागदावर नांव वेगळें होतें. त्यानें नुसतें, थांबा, पाहतों, एवढें म्हटलें असतें तरी मी दिवसभर थांबलें असतें. पण नांव सांपडत नाहीं म्हणणें वेगळें आणि माणूस खोटें आहे म्हणणें वेगळें.'

आमचें जेवण तेथेंच थांबलें. आम्हांला रोजनाम्यांतल्या त्या नोंदी दिसूं लागल्या. सर्व्हरनें बिचाऱ्यानें 'असें कोणी नाहीं' एवढेंच म्हटलें होतें. 'तुम्हांला विसर पडतो' हें आमचें होतें.

मंगळवारीं आम्ही सव्वानऊला कचेरींत गेलों. बाई आमच्याही आधीं येऊन बसल्या होत्या. त्यांचा चेहरा जागरणानें ओढलेला दिसत होता. आम्ही बोलणार तोंच त्याच म्हणाल्या, 'साहेब, रात्रीं मुलीला सांगितलें, एकदां डॉक्टरांना दाखवून येऊं. ३१ वर्षांत असें कधीं झालें नव्हतें. हिशेबाच्या कामांत असा विसर पडूं लागला तर बसून राहणें बरें नव्हे. अर्ज देऊन मोकळी होतें.'

वाचकहो, दार उघडत नाहीं म्हणून माणसाचें काम खोळंबतें हें आम्हांला ठाऊक होतें. परंतु दारावरच्या माणसाच्या एका वाक्यानें आंत येणाऱ्याचा स्वतःच्या बुद्धीवरचाच विश्वास उडतो, हें आम्हांला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतें.

तरुण मंडळी येईपर्यंत आम्ही थांबलों. ज्यांच्यादेखत बोललों होतों त्यांच्याचदेखत आम्हीं सर्व सांगितलें. लाल ओळ, शुक्रवारचा उशिरांचा ईमेल, भिंतीवरची सही, न उघडलेलें रोजनामें, कांहीं एक झांकून ठेवलें नाहीं. मग बाईंना पासवर्ड टाकावयास सांगितलें. त्यांनीं तो टाकला. पहिल्याच वेळीं पगाराचा सर्व्हर उघडला, आणि इतक्या वर्षांचीं पगारपत्रकें ओळीनें समोर उभीं राहिलीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आम्हांला त्या दिवशीं नव्यानें उमगली. नांव ही माणसांची सोय आहे. फायलींवरचीं कुलुपें नांव ओळखीत नाहींत. तीं प्रत्येक खात्याला दिलेला एक लांबलचक क्रमांक ओळखतात. त्याला एसआयडी म्हणतात. खातें नव्या डोमेनमध्यें गेलें कीं त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि जुन्या कुलुपांना तो परका असतो. म्हणून स्थलांतर करतांना नव्या नोंदींत एका वेगळ्या रकान्यांत जुना क्रमांकही लिहून ठेवतां येतो. कुलुपानें विचारलें तर तो दाखवावा. म्हणजे सासरीं आलेल्या सुनेला माहेरच्या पेटीची किल्ली लागावी. या रकान्याचा दुरुपयोगही होऊं शकतो, म्हणून दोन डोमेनांच्या मध्यें सामान्यतः तो गाळून टाकणारी चाळणी लावलेली असते, आणि जरूर तेथें ती जाणूनबुजून काढावी लागते; कुलुपें नव्या क्रमांकाचीं झालीं म्हणजे मग तो जुना क्रमांक पुसून टाकावयाचा असतो. आम्हीं एवढें एक काम रविवारीं नीट केलें होतें. म्हणून बाईंचीं पगारपत्रकें उघडलीं. काकूंच्या वेळीं त्या खिडकींतल्या वहींत असा एक रकाना असता तर, असें आमच्या मनांत येऊन गेलें.

बाईंनीं चष्मा पुसला. 'म्हणजे मी बरोबर टाकीत होतें,' त्या म्हणाल्या.

'होय बाई. पहिल्यापासून बरोबरच टाकीत होतां.'

त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पगारपत्रक उघडलें आणि कामाला सुरुवात केली. पगार एक दिवस उशिरां लागले. त्याबद्दल वरिष्ठांकडे जो खुलासा गेला तो आम्हीं आमच्या सहीनें पाठविला. बाईंनीं अर्ज दिला नाहीं.

त्यानंतर आम्हीं कांहीं नियम केले. या वेळीं दुसऱ्यांसाठीं नव्हे, स्वतःसाठीं. महिनाअखेरीस बिऱ्हाड हलवावयाचें नाहीं. नवें घर लागलें तरी जुन्या कर्त्याला लगेच निजवावयाचें नाहीं. कोणी कोणी त्याला अजून हांक मारतात तें कांहीं आठवडे पाहावयाचें, आणि मगच त्याचा निरोप घ्यावयाचा. अहवालांतल्या हिरव्या ओळी मोजावयाच्या नाहींत, लाल ओळ वाचावयाची. महत्त्वाची सूचना प्रत्येकाच्या टेबलाशीं जाऊन तोंडीं सांगावयाची. घड्याळ, पत्ता, संगणकाचें घर आणि शेवटीं माणसाचा पासवर्ड, या क्रमानें तपास करावयाचा. माणसावरचा संशय सर्वांत शेवटीं. आणि रोजनामें उघडून पाहिल्यावांचून कोणालाही 'तुमची चूक आहे' असें म्हणावयाचें नाहीं.

त्या दिवशीं रात्रीं काकूंना सर्व सांगितलें. त्या दिव्यांत तेल घालीत होत्या. 'बरें केलेंस,' एवढेंच म्हणाल्या, आणि वात सारखी करूं लागल्या.

भिंतीवरचा तो कागद आम्हीं काढून टाकला. आतां फोन वाजला आणि पलीकडून कोणी म्हणालें कीं लॉगिन होत नाहीं, तर आमच्या तोंडून पहिले दोन शब्द निघतात ते 'थांबा, पाहतों' हेच. आमच्या विद्येच्या ग्रंथांत ते कोठें लिहिलेले आम्हांला आढळले नाहींत. ते काकूंकडून आम्हांला मिळाले.